मेंबर लोकांचा ट्रॅक

क्लबच्या मॅडमनी माझ्या पोटाला टेप गुंडाळली आणि आकडा माइकमधून सांगितला. समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं हसली. फार नाही, तोंडातल्या तोंडात. मग मॅडम म्हणाल्या, "बघा, घरी नुसतं बसून राहिलं की शरीराचं काय होतं." टाळ्या पडल्या. मी पदर ओढून घेतला. तेवढंच जमलं.

नुसतं बसून.

मी बिड्या वळते. नगरात आमच्या गल्लीत घरोघर बायका हेच करतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मांडीवर सूप आहे, सुपात पानं आणि तंबाखू. सकाळी घातलेली मांडी दिवस मावळेपर्यंत मोडत नाही. मान खाली, पाठ वाकलेली, बोटं चालू. उठलं की माल कमी पडतो, आणि मग कारखान्यात बोलणी खावी लागतात. असं बसूनच पोरं वाढवली. त्या स्टेजवर हे सांगायचं होतं.

दवाखान्यात मला शुगर निघाली होती. डॉक्टर तरुण, बोलायला चांगला. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, रोज चाला, म्हणाला. कुठं चालू? गल्लीत गटार आणि मोटरसायकली. पुढं हायवे, त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मग त्यानंच सांगितलं, दवाखाना आणि गावाबाहेरचा एक स्पोर्ट्स क्लब मिळून कार्यक्रम काढतायत. कधी व्यायाम न केलेल्या मोठ्या माणसांना क्लबच्या ट्रॅकवर चालायला मिळणार, फुकट. मी शेजारच्या सुमनला तयार केलं. तीही बिड्या वळते, तिलाही शुगर. दोघींनी बाजारातून बूट आणले. साडीखाली बूट बघून सुमन हसून हसून बेजार झाली.

उद्घाटनात ती टेप झाली. तरी दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही गेलो. गरज आमची होती. लाल मातीचा ट्रॅक, कडेला कडुलिंबाची झाडं, हॉर्न नाही, धूर नाही. सुमन माझ्या पुढं निघून गेली. मागं वळून म्हणाली, पाय असे मोकळे पडतात हे विसरलेच होते. मी तिला इतकी उंच कधी बघितली नव्हती. आमच्या गल्लीत ती कायम बसलेलीच.

थोडे दिवस बरे गेले. मग एकदा वॉचमन आला. आमच्याकडं न बघता बोलला, सकाळी मेंबर असतात, तुम्ही अकराच्या पुढं येत जा. का, ते त्याला सांगवेना. तोवर मॅडमच आल्या. आवाज एकदम मऊ.

"मावशी, राग मानू नका. तुमच्या अंगाला तंबाखूचा वास येतो. लोक इथं चांगल्या हवेसाठी येतात."

शिवी दिली असती तर उलटून देता आली असती. घरी जाऊन लिंबू चोळलं, शिकेकाई चोळली, रॉकेलनं हात धुतले. तो वास कातडीच्या आत गेलाय. तो जात नाही.

अकराच्या उन्हात चालून मला घेरी आली. आणि माल पोचवायची वेळही तीच. सुमन म्हणाली, "आपल्याला हुंगून बघत्यात. मला न्हाई यायचं." तिनं बूट फळीवर ठेवून दिले. माझंही जाणं सुटलं. मी डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. बोलतो म्हणाला. बोलला की नाही, कळलंच नाही, त्याची बदली झाली. नवा डॉक्टर शुगरचा रिपोर्ट बघून खेकसला, "ट्रॅक दिला तरी तुम्ही लोक जात नाही."

तुम्ही लोक.

सुमनच्या पायाला फोड आला. शुगरमुळं दुखलं नाही, म्हणून तिनं बघितला नाही. काळा पडला. मोठ्या दवाखान्यात पाऊल कापलं. चालली असती तर वाचलं असतं का, मला माहीत नाही. तिला चालायचं होतं, एवढं माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मॅडम आमच्या गल्लीत आल्या. गाडी आत येईना, म्हणून चालत. नाकाला ओढणी. कार्यक्रमाचा समारोप आहे, पाहुणे येणार आहेत, तुम्हाला काय फायदा झाला ते स्टेजवर दोन वाक्यात सांगा, असं म्हणाल्या. समोरच्या उंबऱ्यात सुमन बिड्या वळत होती. तिनं हात थांबवले आणि माझ्याकडं बघितलं.

मी सूप बाजूला ठेवलं. उठले.

"मी ष्टेजवर येनार न्हाई. सकाळी ट्रॅकवर येनार हाय. वासासकट."

"नियम असतात, मावशी. माझ्या हातात काही नाही."

"मला मावशी म्हनू नका. मावशीला कोनी असं भायेर काढत न्हाई."

त्या गेल्या. त्या दिवशी माझ्या हातून एक बिडी धड वळली गेली नाही. सुमन एवढंच म्हणाली, "आता तर तुला गेटातबी घ्यायचे न्हाईत."

तिचं खरं ठरलं. आज पहाटे मी गेले. वॉचमननं कुलूप काढलं नाही. मेंबरांची गाडी आली की काढायचा, लगेच लावायचा. मी बाहेरच्या रस्त्यावर चालले, गेटासमोरून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. पाय भरून आले. घाम आला. कोणी विचारलं नाही.

उद्या परत जाणार. परवाही. शुगर उतरेल की नाही, ठाऊक नाही. गेट उघडेल असं वाटतही नाही. पण मेंबरांनाही आत जायला दुसरी वाट नाही. प्रत्येक गाडीला माझ्याजवळूनच जावं लागेल. काच वर करून घेतील. घेऊ देत.