घरी कळवलं का?

साथ आलीच तर आमचा निफाडकडचा दवाखाना किती तयार आहे, हे बघायला दर वर्षी साहेब येतात आणि तालीम घेतात. त्या तालमीत खोटी पेशंट म्हणजे आमच्या सफाईवाल्या मावशी. स्ट्रेचरवर चढण्याआधी त्या केस विंचरतात. ढकलायला लागलं की ओरडतात, “हळू रे, माणूस हाय मी!” आणि मास्क लावताना हमखास विचारतात, “माझ्या घरी कळवलं का?” सगळे हसतात. कोरोनात नवरा गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं होतं, त्यामुळे मला हसू येत नाही.

यंदा मावशींना मास्क लावून मी त्यांच्यासमोरच त्यांच्या लेकीला फोन लावला. “तालीम आहे गं. आई आमच्यापाशी आहे, बरी आहे.”

मावशींनी डोळे मिटले. “आता न्या कुठं न्यायचं तिथं.”