मुका पाइप

बीदरजवळच्या कोळारच्या ज्या कारखान्यात मी सिमेंटचे पाइप तपासायला लागले, तिथं एकाच गोष्टीला दोन नावं असायची. एक माझ्या रजिस्टरातलं आणि एक अप्पांचं. मी ‘क्युरिंग’ लिहायची, अप्पा म्हणायचे ‘पाणी पाजणं’. काँक्रीट नीट न बसून पाइपाला भोकं राहिली की मी लिहायची ‘हनीकोंब’, ते म्हणायचे ‘मोहोळ’. आणि आत केसाएवढी भेग असलेल्या पाइपाला अप्पा ‘मुका’ म्हणायचे.

अप्पांचं काम पाइप ठोकून बघायचं. हातोडीच्या हलक्या ठोक्यानं चांगला पाइप घंटेसारखा वाजतो, भेगेचा बद्द वाजतो. मुक्या पाइपावर ते गेरूची लाल फुली मारून बाजूला काढायचे. डावा हात कायम पाइपावर ठेवलेला असायचा. म्हातारपणी आधार लागत असेल, असं मी धरून चालले होते. त्यांचे शब्द मात्र चारचौघांत दुरुस्त करायची. डिप्लोमा ताजा होता, शहाणपण उतू चाललं होतं.

एकदा मी पास केलेला पाइप त्यांनी ठोकला आणि म्हणाले, “अक्का, ह्यो मुका हाय.” बॅटरी लावून बघितलं तर खरंच भेग. पाइपाची लोखंडी जाळी बांधणाऱ्या बायका पदराआड हसल्या. अप्पा हसले नव्हते, पण राग मी त्यांच्यावरच धरला.

मग मी त्यांच्या मागावरच राहिले. पाठीमागून चहाला हाक मारली तर ते वळत नव्हते. समोर आलं की ओठांकडं बघून बोलायचे. साचे फिरवणाऱ्या मशीनच्या गोंगाटात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. कान गेले होते. हे चांगुलपणानं त्यांच्याशी बोलता आलं असतं. मी थेट मालकांकडं गेले.

मालकांना पटेना, म्हणून परीक्षा मीच ठरवली. एका मुक्या पाइपावरची लाल फुली ओल्या फडक्यानं पुसली आणि तो चांगल्या पाइपांच्या रांगेत लावायला सांगितला. मालकांसमोर अप्पांना म्हटलं, “हात मागं बांधून उभं राहा. मी ठोकते, तुम्ही सांगा.” त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा मालकांकडं बघितलं आणि हात मागं बांधले. मी ठोकत गेले. ते प्रत्येक पाइपाला “बरा हाय” म्हणत गेले. मुक्यालाही म्हणाले. मी मालकांना आतली भेग दाखवली. त्या क्षणी मला काय आनंद झाला होता, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

“उद्यापासून गेटवर बसा अप्पा,” मालक म्हणाले.

अप्पा मला एवढंच म्हणाले, “त्या पायपावर फुली मारा अक्का. इसरू नका.”

मी विसरले. मालकांनी ऑफिसात चहाला बोलावलं होतं, त्या तोऱ्यात गेले. दुपारी ती सगळी रांग दुबलगुंडीकडच्या एका नाल्याच्या कामाला लोड झाली. दुसऱ्या दिवशी गेटवरून उठून अप्पाच आले. “त्यो मुका कुठं हाय?” तो रांगेबरोबर कालच गेला होता. त्या नाल्यावरून उसाच्या गाड्या जाणार होत्या. मालकांना फोन करून एवढंच सांगितलं की तो पाइप चुकून गेलाय, आणि आम्ही दोघं बसनं निघालो.

साइटवर चराच्या कडेनं अकरा पाइप पडले होते. पुसलेल्या जागेचा डागही धुळीत दिसत नव्हता. शेजारी जेसीबी घरघरत होता. मी ठोकू लागले, पण त्या आवाजात माझ्या धडधाकट कानांना काही कळेना. अप्पांनी डावा तळवा पाइपावर ठेवला. “ठोका,” म्हणाले. मी ठोकत होते, ते पुढं सरकत होते. सातव्या पाइपावर हात थांबला.

“ह्यो. ह्येच्यात काय बी हालंना.”

आत बॅटरी मारली. भेग होती.

“काल कामून बोलला न्हाईत, हातानं कळतंय म्हणून?” मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं.

“तुमीच तर हात बांधा म्हणलात,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “आता सांगा मालकाला. माझं काम देतील परत.”

तेवढ्यात मालकांचाच फोन आला. पाइप सापडला म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, “फुली कशी न्हवती त्याच्यावर?”

अप्पा हातभर अंतरावर उभे होते, माझ्या तोंडाकडं बघत. मी तोंड फिरवलं आणि म्हणाले, “मारा म्हणून अप्पांना सांगितलं होतं मी. विसरले असतील.”

“कामातनं गेलाय म्हातारा. गेटवर बी नको आता,” मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

“सांगितलंत?” अप्पांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि बीदर येईपर्यंत कोणता पाइप हाताला कसा लागतो ते समजावत राहिले. मी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून, हातोडी घेऊन आले. नव्या वॉचमननं त्यांना गेटवरच अडवलं. ते माझ्याकडं हात करून त्याला काहीतरी सांगत होते. मी बघितलं, आणि पाइपावर डावा तळवा ठेवून ठोकत राहिले.