आडरस्त्यावरची सुकी लाकडं

माझी श्रद्धा किती कच्ची आहे, हे मला एका छापील कार्डामुळे कळलं. गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान होतं. पवनी, तुमसरकडच्या दुकानदारांना माल पोहोचवायला एक जुनी मोटार घेतली होती. गाडी मुळात चांगली, पण वय झालेली. कधी कुठे अडून बसेल याचा नेम नसे. म्हणून मी डिकीत एक जादा फॅनबेल्ट, पाण्याचा डबा आणि पान्यांची पिशवी कायम ठेवत असे.

एके दिवशी नागपूरच्या एका मोटारमालक संघाचा प्रतिनिधी दुकानात आला. बोलायला मृदू, कपडे स्वच्छ, हातात पुस्तिका. त्याने समजावून सांगितलं की साधं सभासदत्व घेतलं तर सल्ला आणि नकाशे मिळतात. विशेष सभासदत्व घेतलं तर भंडारा जिल्ह्यात कुठेही गाडी बंद पडो, एक फोन करायचा; संघाची व्हॅन मेकॅनिकसह येते, गाडी दुरुस्त करते, नाहीच झाली तर ओढून नेते. त्याची वर्गणी साध्यापेक्षा तिप्पट होती. मी पुस्तिका ठेवून घेतली आणि पुढचे तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. वर्षात गाडी किती वेळा बंद पडली, दर वेळी किती खोळंबा झाला, हे मी जेवतानाही बायकोला ऐकवत असे. शेवटी ती वैतागली. म्हणाली, "एवढा इचार कायले करून राहिले तुमी? घ्याचं असन त घ्या, नाही त सोडा." मग जरा थांबून तिने आठवण करून दिली की दरवर्षी श्रावणातल्या शनिवारी आपण चांदपूरच्या मारुतीला जातो, वर्षभर सुखरूप घरी आण म्हणून हात जोडतो, तेव्हा तर तुम्ही इतका विचार करत नाही.

तिचं बोलणं मला लागलं. मी वरवर हसलो, पण मनात जे आलं ते आज कबूल करतो. मनात आलं, रस्त्यात गाडी बंद पडली तर मारुती काय पाना घेऊन येणार आहे? दुसऱ्याच दिवशी मी विशेष सभासदत्व घेतलं. कार्ड आलं, ते पाकिटात ठेवलं आणि मोठा भार उतरल्यासारखं वाटलं. मालाला जागा व्हावी म्हणून डिकीतला जादा बेल्ट आणि पाण्याचा डबा काढून घरी ठेवला. त्या श्रावणात चांदपूरला गेलो तेव्हा नेहमीसारखा नारळ फोडला, डोकं टेकलं, पण सुखरूप घरी आण हे शब्द काही उच्चारले नाहीत. विसरलो असं नाही. गरज वाटली नाही.

आमच्याबरोबर माझी मोठी बहीण होती. ती सिहोऱ्याची. मेहुण्यांची धानाची रोवणी उरकायची होती म्हणून ते शेतावर थांबले आणि सकाळी आम्ही ताईला घरून गाडीत घेतलं. मंदिराच्या पायऱ्या उतरताना ती मधेच खाली बसली. आदल्या दिवसापासून तिचं पोट दुखत होतं. दर्शन चुकू नये म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं. खाली येईपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि उजव्या कुशीला हात लावू देईना. मी ठरवलं, थेट तुमसरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. मोठ्या रस्त्यावर यात्रेची गर्दी होती, बैलगाड्या, सायकली, माणसांचे लोंढे. म्हणून मी कालव्याच्या कडेचा आडरस्ता धरला. तोही निर्णय माझाच.

जेमतेम अर्धी वाट गेली असेल. इंजिनातून फट्कन आवाज आला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली. फॅनबेल्ट तुटला होता. मी सवयीने डिकी उघडली. पान्यांची पिशवी तेवढी होती; बेल्ट आणि पाण्याचा डबा मीच घरी काढून ठेवला होता. गाडीत ताई कण्हत होती. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या, माणूस दिसेना. लांब एका गावाची कौलं दिसत होती. बायकोला ताईजवळ ठेवून मी चिखलातून त्या गावाकडे धावलो.

गावात पोस्ट होतं आणि पोस्टात फोन होता. म्हातारे पोस्टमास्तर भले गृहस्थ. त्यांनी वारंवार प्रयत्न करून नागपूरचा ट्रंक कॉल जोडून दिला. मी कार्डावरचा क्रमांक सांगितला. पलीकडच्या माणसाने अदबीने ठिकाण लिहून घेतलं, व्हॅन लगेच निघेल म्हणाला, चार तास धरा. मी सांगितलं की गाडीत पेशंट आहे. तो म्हणाला, "साहेब, आमची व्हॅन गाडीसाठी आहे. पेशंटसाठी तुम्ही दुसरं काही पाहा." त्यात त्याची काही चूक नव्हती. पुस्तिकेत तेच लिहिलेलं होतं आणि ती मी तीन आठवडे वाचली होती. मी रिसीव्हर खाली ठेवला. पोस्टमास्तरांना विचारलं, गावात जीप, ट्रॅक्टर काही आहे का? नव्हतं. मी परत धावत सुटलो. तोंडातून मारुतीचं नाव निघत होतं आणि दर पावलाला लाज वाटत होती, की आता कोणत्या तोंडाने?

गाडीजवळ पोहोचलो तर तिथे एक बैलगाडी उभी होती. चाळिशीचा एक सावळा, किडकिडीत माणूस, उघड्या पायांनी, तिच्यातली लाकडं भराभर उतरवून रस्त्याच्या कडेला टाकत होता. बायकोने सांगितलं की तिने हाक मारली नव्हती. तो पुढे निघून गेला होता, ताईचं कण्हणं ऐकून स्वतःच थांबला, परत आला, आत डोकावला आणि लाकडं उतरवायला लागला. मी पाहिलं, लाकडं खडखडीत सुकी होती. श्रावणात सुकं लाकूड म्हणजे दुर्मीळ माल. त्या घडीलाही माझ्यातला व्यापारी जागा होता. याला बाजार गाठायचा असेल, आता हा भाडं किती मागतो कोणास ठाऊक, असं माझ्या मनात आलं. मी विचारलंदेखील, काय घेणार? तो लाकडं उतरवतच राहिला. मला वाटलं, अडलेला माणूस पाहून हा आकडा मनात वाढवतो आहे. तेवढ्यात पावसाची सर आली आणि लाकडं भिजायला लागली. बायको म्हणाली, दादा, तुमचा माल भिजून राहिला. तो म्हणाला, "ते काम थांबते जी. आदी बाईले नेऊ."

त्याने गाडीत धानाचं तणीस पसरलं, आम्ही ताईला उचलून ठेवलं. स्वतःचं घोंगडं त्याने तिच्यावर टाकलं आणि आपण भिजत बैलांजवळ चालू लागला. पक्क्या रस्त्यापर्यंत तासभर तरी लागला. एवढ्या वेळात मी दोनतीनदा त्याच्यावर खेकसलो, जरा लौकर हाक म्हणून. तो मान हलवी आणि खड्डा आला की चाकाला खांदा देई, ताईला हिसका बसू नये म्हणून. पक्क्या रस्त्यावर आम्ही पोहोचलो आणि एस. टी. आली. कंडक्टरने मागचं लांब बाकडं रिकामं करून दिलं. मी घाईत नोटा काढून त्या माणसापुढे धरल्या. त्याने हात मागे घेतला. "राहू द्या जी, मले जाचं आहे," एवढंच म्हणून त्याने बैल वळवले. मी त्याला नावही विचारलं नाही.

ड्रायव्हरने बस थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. डॉक्टरांनी तपासलं आणि तासाभरात शस्त्रक्रिया केली. बाहेर येऊन ते म्हणाले की अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, आणखी उशीर झाला असता तर त्यांच्याही हातात फारसं काही राहिलं नसतं. निरोप मिळताच मेहुणे धावत आले. बायको ताईच्या उशाशी बसली होती. मी व्हरांड्यात बसून रडलो, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात कृतज्ञतेपेक्षा सुटल्याचा भाव जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आणायला त्या आडरस्त्यावर गेलो. संघाचा मेकॅनिक माझ्या गाडीजवळ बसलेला होता. सांगितल्या वेळेला तो येऊन पोहोचला होता, किल्ली नव्हती म्हणून रात्र पोस्टमास्तरांच्या ओसरीवर काढली होती. न कुरकुरता त्याने पंधरा मिनिटांत बेल्ट चढवला. पोस्टमास्तरही आले होते. रस्त्याच्या कडेला दोनचार ओली लाकडं अजून पडलेली पाहून मी सहज विचारलं की ते लाकूडवाले दादा कुठे राहतात, त्यांचं भाडं द्यायचं राहिलं. पोस्टमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुमाले मालूम नाही? लहानूची माय गेली ना काल सकाळी. सरणाचे लाकडं होते ते."

मला आधी शब्दांचा अर्थच लागला नाही. मग लागला आणि मी बॉनेटवर हात टेकला. आईला अंगणात ठेवून तो माणूस शेजारच्या गावाहून मागितलेल्या गाडीत सरण घेऊन निघाला होता. ते सरण त्याने चिखलात टाकलं, पावसात भिजू दिलं, आणि आपल्या मेलेल्या आईला थांबवून माझ्या बहिणीला नेलं. आणि मी त्याला लौकर हाक म्हणून खेकसलो होतो. मी त्याला भाव विचारला होता.

लहानूचं घर तळ्याच्या काठाला होतं. अंगणात मासे धरायची जाळी गुंडाळून ठेवलेली. तो भिंतीला टेकून बसला होता, डोक्याचे केस काढलेले. शेजारच्या एका बाईंनी मला सांगितलं की लोक अंगणात खोळंबले होते, लहानू रिकामी गाडी घेऊन आला आणि रस्त्यात एक बाई बिमार होती एवढंच बोलला. कोणी त्याला बोल लावला नाही. मग घराघरातून माणसं उठली. कोणी गोठ्याच्या माळ्यावरची, कोणी चुलीमागची, ज्याच्याकडे जी सुकी होती ती लाकडं घेऊन आला. दिवस मावळायच्या आत सगळं पार पडलं.

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर तो घाबरून मागे सरला. मी विचारलं, दादा, काहून नाही सांगतलं? तो म्हणाला, "सांगतलो असतो त बाई चढल्या असत्या का त्या गाडीत?" आणि मग, "माय त गेली होती जी. तिले आता कायची घाई."

त्याचं म्हणणं खरं होतं. सरणाची गाडी आहे हे कळलं असतं तर मीच नको म्हटलं असतं. अपशकुन म्हणून म्हटलं असतं, त्याच्या दुःखाचा संकोच म्हणून म्हटलं असतं, आणि ताईला घेऊन तिथेच व्हॅनची वाट पाहत बसलो असतो. आयुष्यभर मी घेण्याआधी पारखून घेत आलो. त्या दिवशी मला पारखायला काही दिलंच गेलं नाही. जे हवं होतं ते माझ्या अकलेला वळसा घालून आलं. याला चमत्कार म्हणायचं का, हे मी कोणाशी वाद घालून ठरवलेलं नाही. लहानूला कोणी पाठवलं असं मी त्याच्यासमोर कधी बोललोही नाही. त्याने आपल्या मनाने केलं ते त्याचंच आहे. मला एवढंच समजलं की शरण जाणं म्हणजे तजवीज सोडून देणं नव्हे. ते सभासदत्व मी पुढेही दरवर्षी घेत राहिलो, कारण त्या मेकॅनिकने शब्द पाळला होता आणि जेवढं कबूल केलं तेवढं चोख दिलं होतं. पण आपली तजवीज जिथे संपते तिथून पुढेही रस्ता असतो, आणि तिथे आपल्याला फक्त हात पुढे करून घ्यायचं असतं, हे शिकायला मला एवढा मोठा धक्का लागला.

तेरवीला आम्ही तिघं गेलो. ताईचे टाके नुकतेच निघाले होते, तरी ती हट्टाने आली आणि लहानूच्या घरच्या बायकांमध्ये दिवसभर बसून राहिली. निघताना तिने त्याच्या आईचं नाव विचारून घेतलं. सरूबाई. तेव्हापासून पितृपक्षात सिहोऱ्याला ताईच्या घरी आणि भंडाऱ्याला आमच्या घरी एक पान जास्तीचं वाढलं जातं. नातेवाईक विचारतात, ही सरूबाई तुमची कोण? ताई सांगते, आम्ही तिला पाहिलं नाही, तिच्याबद्दल आम्हाला काही माहीतही नाही. फक्त एवढं माहीत आहे, की ती माझ्यासाठी थांबली होती.