आबासाहेबांचं धोतर

बारा दिवसांत तिसरा मृत्यू राजेश्रीच्या डायरीत चढला. ताडकळसजवळच्या त्या गावात ती नऊ वर्षं आशाताई होती. कोण बाळंत झालं, कोण गेलं, हे आधी तिच्या डायरीत यायचं, मग ग्रामसेवक दत्तरावांच्या नोंदवहीत.

तिन्ही घरं एकाच आडावरची. शेवटचे दोघं जुलाब-उलट्यांनी गेलेले. सगळ्यात आधी गेलेल्या आबासाहेबांपुढं मात्र नोंदवहीत ‘वृद्धापकाळ’. ते सांगितलं होतं राजेश्रीनंच. त्यांची बायको कडूबाई पदराआडून म्हणाली होती, “जुलाबानं धोतरातच गेले म्हनून गावानं हसू नये, पोरी. वय झालतं, येवढंच लिव.”

उद्या त्याच आबासाहेबांची तेरवी. चारशे पान.

“दत्तराव, आड बंद करा.”

“दोन म्हाताऱ्यांपायी? सरपंच मलाच आडात घालतील!”

“दोन न्हाई, तीन.”

“तिसरं तर वयानं, तुमीच सांगितलं. पाण्याचा नमुना परभणीला गेलाय, परवा कळंल.”

परवा! ती तशीच तेरवीच्या मांडवात धावली. आडाच्या पाण्यानं ड्रम भरले जात होते. आबासाहेबांचे भाऊ किशनराव हसले, “काय आशाताई, गोळ्या वाटायला आली का जेवायला?”

“काका, हे पानी सैपाकाला घेऊ नका. हात जोडते.”

“का बरं? माजा भाऊ म्हातारपनानं गेला. तुज्याच तोंडचं हाय.”

बायका थबकल्या. राजेश्रीच्या ओठावर खरं आलं, पण शब्द दिलेला. तिनं नुसतं कोपऱ्यातल्या कडूबाईकडं पाहिलं. कडूबाईनं मान खाली घातली. ड्रममध्ये आणखी दोन घागरी पडल्या.

मग कडूबाई भिंतीला धरून उठली. “भाऊजी, पानी वतून द्या.”

“वैनी, लोक काय म्हनतील?”

“म्हनू द्या. दोन दिवस जुलाब लागून गेले तुमचे भाऊ. लपवलं मीच. धोतर बी मीच धुतलं.”

राजेश्री तिच्याजवळ गेली. “कुठं धुतलं, मावशी?”

“आडावर. पहाटं, कुनी नसताना.”

पहिला ड्रम कलंडला, पाणी मांडवभर पसरलं.

“म्हंजे बाकीचे दोघं... माज्यापायी?”

“मला बी ठावं होतं, मावशी. मी बी लिवलं न्हाई.” राजेश्रीनं तिचा हात धरला. तो गार होता, बोटांची कातडी सुरकुतलेली. “आधी हे सांगा, सकाळपासून किती येळा जाऊन आलात?”

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. “मोजलं न्हाई, पोरी.”