नुसते ओठ

गायनवृंदात तिला सगळे चष्मेवाली म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. बसथांब्यासमोरच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या चिंचोळ्या खोलीत, ती एकवीस वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत आली होती. तिच्या हातच्या काचांतून निम्मं शहर वर्तमानपत्र वाचायचं. तिला स्वतःला मात्र एक गोष्ट वाचता येत नव्हती आणि ती तिने एकोणीस वर्षं लपवून ठेवली होती. पाच रेघांवर लिहिलेले सूर तिला वाचता येत नव्हते.

दर मंगळवारी दुकान बंद झालं की ती हात धुऊन थेट विद्यापीठाचा संगीत विभाग गाठायची. विभाग लहान. विद्यार्थी इतके थोडे, की त्यांच्या जिवावर चार आवाजांचं गाणं उभंच राहिलं नसतं. म्हणून वर्षाच्या मैफलींसाठी शहरातली माणसं घेत. औषधांच्या दुकानाचा मालक, दोन नर्सबाई, बँकेतला शिपाई, पेन्शनीत निघालेली मंडळी. गळा बरा असला आणि मंगळवार मोकळा असला की झालं. आपली ही बाई सातवीतून शाळा सुटलेली. शेजारणीला ती सहज बोलल्यासारखं सांगायची, "मंगळवारी मी विद्यापीठात असते." सांगताना मान जरा ताठ व्हायची, आणि का होऊ नये? घरात ती आणि नवरा, दोघंच. बाकीचे सहा दिवस तिला कोणी कुठे बोलावत नव्हतं.

तिचा आवाज मधला. वरच्या बायकांच्या खाली, पुरुषांच्या वर. मधल्या आवाजाचं घरातल्या मधल्या जावेसारखं असतं. थोरलीला मान मिळतो, धाकटीचे लाड होतात, आणि मधली दिवसभर राबली तरी पाहुण्यांना तिचा चेहरा आठवत नाही. वरच्या बायका चाल म्हणतात, ती लोक गुणगुणत घरी नेतात. खालचे पुरुष घुमतात, तेही कळतं. मधल्यांनी काय म्हटलं ते मधल्यांनाच ठाऊक. त्या नसल्या तर गाणं पोकळ वाजतं, पण का पोकळ वाजलं हे ऐकणाऱ्याला सांगता यायचं नाही.

पहिल्याच मंगळवारी तिच्या हातात कागद आला, तेव्हा तिला त्यावर दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांपलीकडे काही दिसलं नव्हतं. उठून जावं असं मनात आलं. पण डाव्या हाताला एक मास्तरीणबाई उभ्या होत्या, आणि त्यांचा सूर कसा आखल्यासारखा सरळ. ही त्यांच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाने उशिरा, तेच म्हणत गेली. कान तिचा तिखट होता. दोन-तीनदा ऐकलं की पक्कं. बाईंना हे पहिल्या दिवशीच कळलं असणार, चाळीस वर्षं त्यांनी नक्कल करणारी मुलंच पकडली होती. पण त्या बोलल्या नाहीत. एवढंच व्हायचं की नवं गाणं हाती आलं की आठवड्यातून दोनदा बाईंच्या चष्म्याचा स्क्रू ढिला पडायचा. मग मागच्या खोलीत स्टुलावर बसून त्या आपला भाग हळू आवाजात म्हणत, आणि ही मुळातच घट्ट असलेला स्क्रू पिळत बसे. एकोणीस वर्षांत दोघींपैकी एकीनेही त्या स्क्रूबद्दल अवाक्षर काढलं नाही.

उन्हाळ्यात बाई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. ती खूप रडली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की आपण बाईंसाठी थोडं आणि स्वतःसाठी जास्त रडतोय. तिला स्वतःची लाज वाटली. पण रडणं काही थांबलं नाही.

त्याच सुमाराला विभागाला नवे प्रमुख आले. वयाने तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, कामाला काटेकोर. पहिल्याच मंगळवारी त्यांनी सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. विद्यापीठाला हा विभाग जड झाला होता. वरून पत्र आलं होतं, त्यात अट होती. शहराचा या विभागाला खरोखर पाठिंबा असेल तर तो डोळ्यांना दिसू दे. पहिल्या मैफलीला शहरातली निदान चाळीस माणसं स्टेजवर गायला उभी राहिली तर यंदाचा मैफलींचा हंगाम होईल, नाहीतर सभागृह दुसऱ्या विभागाकडे जाईल.

"गाणं यंदा अवघड आहे," प्रमुख म्हणाले, "म्हणून तीन आठवड्यांनी मी प्रत्येकाला एकेकटं ऐकणार. कधीच न पाहिलेल्या चार ओळी देईन, त्या वाचून म्हणायच्या. घाबरू नका, वाचता येतंय एवढंच बघायचंय."

कोणी घाबरलं नाही. ती सोडून.

दुसऱ्या कोणी 'चष्मा घरी विसरले' म्हणून वेळ मारून नेली असती. तिला स्वतःला चष्माच नव्हता, तेवढीही सोय नव्हती.

मग ती कामाला लागली. वाचनालयातून पुस्तक आणलं. जेवणाच्या सुट्टीत काचा घासायच्या यंत्रापाशी ते उघडून बसायची. कुठल्या रेघेवर कुठला सूर हे पाठ झालं, पण रेघ मोजून सूर ठरवेपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत पोचलेलं असायचं. निदान यंदाचं गाणं तरी पाठ व्हावं म्हणून फोनवर तालमीचं रेकॉर्डिंग केलं. त्यात वरच्या बायका ऐकू येत, पुरुष ऐकू येत, आणि मधल्या कुठे विरल्या ते सापडत नव्हतं. तिने कान फोनला चिकटवून दहा दहा वेळा ऐकलं. लेन्सच्या कडा दोनदा वेड्यावाकड्या घासल्या गेल्या आणि मालकाने भुवया वर केल्या. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

नवऱ्याला सांगणं शक्य नव्हतं. तो डेअरीची गाडी चालवायचा, साधा माणूस. गाण्यातलं त्याला ओ का ठो कळत नसे. मैफलीला तो न चुकता तिसऱ्या रांगेत बसे आणि गाणं संपायच्या आधीच टाळ्या वाजवायला लागे. पण डेअरीतल्या सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं, "आमच्या हिला ते रेघांवरचं वाचता येतं. मला साधं बिल धड वाचता येत नाही." हे तो इतक्या कौतुकाने म्हणायचा, की तिला त्याच्याकडे बघवत नसे.

"अगं, डोळे खराब करून घेशील," पुस्तकावर वाकलेली बघून तो एकदा म्हणाला. "मग तुला चष्मा कोण बसवून देणार?"

"मीच बसवीन, दुसरं कोण," ती म्हणाली आणि पान उलटलं.

एकेकट्याने म्हणायचा मंगळवार आला. प्रमुखांच्या खोलीत पियानो, दोन खुर्च्या, खिडकीत वाळलेली कुंडी. त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि पहिला सूर वाजवून दिला. तो तिने अगदी नेमका पकडला. दुसरा अंदाजाने लावला. तिसऱ्यापासून ती बाईंनी काय म्हटलं असतं ते म्हणत गेली.

प्रमुखांनी हात उचलला. "परत एकदा बघू."

तिने परत म्हटलं. यावेळी वेगळंच आलं.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई नाहीये."

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. कागदावर तिच्या अंगठ्याच्या घामाचा डाग पडला होता.

"सर, मला वाचता येत नाही."

त्यांना आधी कळलं नाही. "अक्षर लहान पडतंय का?"

"अक्षर नाही. हे. सूर. मला येतच नाहीत वाचता."

"किती वर्षं आहात तुम्ही इथे?"

"एकोणीस."

त्यांनी कागद तिच्यापुढून उचलून पियानोवर ठेवला. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. मग ते म्हणाले की कानाने शिकणाऱ्यांबद्दल त्यांना आदर आहे, पण या गाण्यात मधला आवाज एक जरी घसरला तरी बाकीचे त्याच्या मागे घसरत जातील, आणि समोर विद्यापीठाची माणसं बसलेली असतील. ती ऐकता ऐकता पिशवी उचलू लागली. पिशवीचा बंद खुर्चीत अडकला, तो सोडवताना तिला वाटलं, आता हा तुटू नये, एवढं तरी नीट होऊ दे.

"थांबा, ताई," प्रमुख म्हणाले. त्यांच्यासमोर नावांची यादी होती. "तुम्ही गेलात तर एकोणचाळीस होतात."

ती थांबली.

"तुम्ही या. सगळ्या तालमींना या, स्टेजवर तुमच्या जागी उभ्या राहा. फक्त..." त्यांनाही ते अवघड जात होतं, हे तिला दिसलं. "आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा."

"चालेल," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली, की ते चमकले. वर ती त्यांना थँक्यू म्हणाली. जिना उतरून खाली आल्यावर तिला तो थँक्यू आठवला आणि तिथेच कठडा धरून ती उभी राहिली. आपण एवढ्या स्वस्तात गेलो, असं तिच्या मनात आलं. पण नाही म्हणून घरी जाऊन तरी काय करायचं होतं? मंगळवार गेला असता.

ओठ हलवणं दिसतं तितकं सोपं नसतं. श्वास घेतला की आवाज आपोआप मागून येतो, त्याला दाराशीच अडवावं लागतं. पहिल्या तालमीला दोनदा तिचा आवाज निसटला, प्रमुखांची नजर वळली आणि ती शरमेने लाल झाली. मग तिने युक्ती शोधली, सगळे श्वास घेत तेव्हा ती सोडायची. तालमीनंतर घसा दुखायचा, न गाता. शेजारच्या नर्सबाई तिला म्हणाल्या, "आज छान लागला हं आपला सूर." ती हसली. हसण्यावाचून इलाज नव्हता.

आणि गंमत अशी, ती गंमत म्हणायची तर, की पाचव्या आठवड्यात तिला सगळं आलं. बाईंच्या जागी आता नर्सबाई उभ्या राहत. त्यांचा आवाज बाईंइतका सरळ नसला तरी स्वच्छ होता. गप्प उभं राहून ऐकताना तिच्या कानात मधला भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरला. आजवर ती अर्ध्या श्वासाने मागे असायची. आता तिला पुढचा सूर आधीच ठाऊक असे. घरी भांडी घासताना तिने तो म्हणून पाहिला, नळ मोठा सोडून. एकही जागा चुकली नाही.

पुढच्या मंगळवारी ती आधी जाऊन प्रमुखांना भेटली. "सर, मला आता येतंय. ऐकता का जरा?"

त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा, कानाला फोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. विभाग वाचवायचं ओझं त्यांच्यावरही होतंच. "येत असेल, ताई. पण आता धोका नको. पुढच्या वर्षी बघू ना आपण."

पुढच्या वर्षी हा विभाग असेल की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मैफल रविवारी दुपारी होती. सभागृह भरलं होतं, कारण चाळीस माणसं गात असली की त्यांच्या घरची दीडशे ऐकायला येतातच. पहिल्या रांगेत विद्यापीठाचे तिघं बसले होते. त्यांच्यातल्या एकाने पेन्सिलीच्या टोकाने स्टेजवरची माणसं मोजली. पेन्सिल तिच्यावर आली आणि पुढे गेली. मागे तिसऱ्या रांगेत नवरा होता, इस्त्रीच्या शर्टात, तिच्यावर नजर लावून.

गाणं सुरू झालं. मधल्यांनी सुरू करायची जागा आली तेव्हा तिने ठरवून टाकलं, गायचं. सगळ्यांबरोबर तिने पोटभर श्वास आत घेतला. कोण अडवणार होतं? एवढ्या लोकांत प्रमुख काय हात धरणार होते? सूर तिला येत होता, अगदी ओठांपर्यंत आला होता. आणि मग तिला वाटलं, चुकला तर? माझ्या एकटीपायी यांचं सगळं गेलं तर? पहिला सूर निघून गेला, दुसराही. तिने श्वास सोडून दिला आणि ओठ हलवत राहिली. अर्धा तास. चेहरा हसरा ठेवायचा असं सगळ्यांना सांगितलं होतं, तोही ठेवला.

गाणं संपायच्या आधीच तिसऱ्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. मग सगळं सभागृह उभं राहिलं. पेन्सिलवाले साहेब स्टेजवर येऊन बोलले. ते म्हणाले, आज आम्ही या शहराचा आवाज ऐकला, हंगाम चालू राहील. प्रमुखांनी डोळे पुसले. नर्सबाईंनी तिला मिठी मारली.

डेअरीच्या गाडीतून दोघं घरी निघाली. नवरा खूश होता, नेहमीपेक्षा जास्तच.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "एवढी वर्षं येतो, मला कधी तुझा आवाज वेगळा ओळखता आला नव्हता. तुला बोललो नाही, वाईट वाटेल म्हणून. पण आज बरोबर ऐकू आला. तुझ्या ओठांकडेच बघत होतो. अगदी स्वच्छ."

तिने मांडीवरची पिशवी उगाच उघडून परत बंद केली.

"म्हण ना जरा ते," तो म्हणाला. "तुझं जे होतं ते."

आणि तिने म्हटलं. पहिल्या सुरापासून, कुणाच्याही मागे न जाता, सरळ. सिग्नल लागला, सुटला, ती म्हणत राहिली. एकोणीस वर्षांत ती इतकं खरं कधी गायली नव्हती. तो आधी मान हलवत होता. मग त्याची मान थांबली. थोडं ऐकून घेऊन तो जरा संकोचानेच म्हणाला, "हे नव्हे गं. हे काही त्यात नव्हतं. तुझं वेगळं होतं, गोड होतं एकदम."

"हो," ती म्हणाली. "ते वेगळं होतं."

त्याने गिअर बदलला आणि उद्याच्या दुधाच्या फेऱ्यांबद्दल बोलू लागला. ती ऐकत होती, मध्ये मध्ये हं म्हणत होती.