तीन मॅटॅडोर, एक इंजिन

उभ्या गाडीखाली ऑइल साचतं, तसे स्टँडवर किस्से साचतात. थेंब थेंब. गाडी हलेपर्यंत कळतही नाही, की खाली एवढा मोठा डाग पडलाय!

जुन्या मोंढ्याजवळचा आमचा मॅटॅडोर स्टँड असाच. मी जर्मनीत इंजिनं शिकून संभाजीनगरला परत आले, तेव्हा तिथं तीनच गाड्या उरल्या होत्या, तीन वेगळ्या सालांच्या. सगळ्यात जुनी रशीदचाचांची. मधली दगडूमामांची, त्याच गाडीतून मी लहानपणी शाळेत जायचे. आणि 'नवं मॉडेल' भाऊसाहेबांचं. नवं म्हणजे माझ्याच वयाचं! यातली एकही भंगारात जाऊ द्यायची नाही, हे मी तिकडूनच ठरवून आले होते.

*

चाचांच्या मॉडेलात इंजिन पुढची चाकं फिरवायचं. मागं माल भरला की नाक हलकं व्हायचं आणि चढावर चाकं जागीच गरगरायची.

एकदा चाळीसगावहून माल भरून येताना कन्नडच्या घाटात, शेवटच्या वळणावर गाडी अशीच अडली. चाचांनी शांतपणे गाडी फिरवली, मान मागं वळवली आणि रिव्हर्समध्ये वर चढवायला लागले. आता सगळा भार पुढच्या चाकांवर! शेजारी बसलेला वैजापूरचा व्यापारी घाबरला.

"चाचा, माल घेऊन माघारी चालले का काय?"

"लोड गाडी उलटीच चढती, सेठ. रिकामी गाडी सीधी. तुम्ही डोळे मिटा!"

*

मामांच्या गाडीचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मध्ये. वर पत्र्याचं झाकण. उन्हाळ्यात मांडी भाजायची, पण त्या झाकणावर डबा ठेवला की गंगापूर येईपर्यंत भाकरी गरम!

नव्या मॉडेलात कंपनीनं त्या झाकणाखाली जाड अस्तर घातलं. भाऊसाहेब कौतुकानं सांगायचे, "हात ठेवून बघा. थंडगार!"

"व्हय," मामा म्हणायचे, "तुझी भाजीबी थंडगार."

पण रोज सकाळी पहिल्या फेरीला निघताना मामांच्या झाकणावर दोन डबे असायचे. दुसरा भाऊसाहेबांचा.

*

नव्या मॉडेलाची दुसरी शान म्हणजे सरकतं दार. वापरून वापरून त्याची कडी झिजली आणि जोरात ब्रेक मारला की दार आपोआप उघडायला लागलं.

चाचांनी विचारलं, "भाऊसाहेब, ये क्या है?"

"ऑटोमॅटिक!"

पुढं एका वऱ्हाडात नवरदेवाचे मामा त्या ऑटोमॅटिकमधून, गाडी थांबता थांबता, थेट मांडवाच्या दारात उतरले. बसल्या बसल्या! मंडळींना वाटलं, मानपानासाठी रुसून खाली बसलेत. मुलीकडच्यांनी धावत जाऊन त्यांना फेटा बांधला.

*

इंजिन कुणाचं भारी, हा वाद मात्र कधी मिटला नाही. दगडूमामांचं घराणं मेंढरांमागं फिरलेलं. ते तिन्ही इंजिनांना कान लावायचे आणि निकाल द्यायचे.

"चाचाचं बोकड हाय, नुसतं टकरा मारतंय. भाऊसायबाचं लाडावलेलं कोकरू. माझं? चार गावं चालून बी धाप नाय!"

"माझ्या इंजिनाला आजतागायत पाना लागला नाही," भाऊसाहेब म्हणायचे.

"कायकू झूट बोलते?" चाचा म्हणायचे. "मेरा इंजिन तुम दोनों को बांध के ले जायेगा."

*

मग तिन्ही गाड्यांचं आरटीओचं पासिंग संपत आलं. नव्यानं मिळेल अशी एकीचीही अवस्था नव्हती. मी रात्रंदिवस डोकं लावून उपाय काढला. तिन्हींतलं चांगलं ते घ्यायचं आणि एक धडधाकट गाडी उभी करायची. बॉडी भाऊसाहेबांची, गिअरबॉक्स मामांचा. ती तिघांनी मिळून चालवायची. दोन गाड्या खोलाव्या लागतील, पण एक रस्त्यावर राहील.

"आता फक्त सांगा," मी स्टँडवर सगळ्यांना चहा देऊन उत्साहानं विचारलं, "इंजिन कुणाचं घ्यायचं? सगळ्यात भारी कुणाचं?"

तिघांनी एकदमच बश्या तोंडाला लावल्या.

मग मामा खाकरले. "माझं लई तेल खातंय, पोरी. दमलंय ते."

"मेरा तो कबका खलास है," चाचा म्हणाले.

मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. ज्यांच्या इंजिनाला कधी पाना लागला नव्हता, ते भाऊसाहेब बशीत बघत म्हणाले, "दोनदा खोललंय. कुणाला सांगितलं नव्हतं."

गिअरबॉक्सचं तर मी विचारलंच नाही. अजून वाटतं, इंजिनाचा प्रश्नच नको होता विचारायला. गाड्या तर गेल्याच. त्या दिवसापासून स्टँडवरचा वादही बंद झाला.

*

भंगारवाल्याच्या आवारात तिन्ही गाड्या एकाच सकाळी नेल्या. आत जायला मातीचा चढ होता. भाऊसाहेबांनी गाडी वर नेली आणि किल्ली न काढताच उतरले. मामांनी नेली. उतरताना झाकणावर हात ठेवला, चटका बसेपर्यंत.

चाचांची शेवटी. चढापाशी येऊन त्यांनी गाडी थांबवली, फिरवली आणि रिव्हर्स टाकला. आता गाडीचं तोंड चढाच्या पायथ्याशी जमलेल्या आमच्याकडं होतं.

भंगारवाला ओरडला, "चाचा, खाली गाडी है! सीधी लाओ ना!"

"लोड है," चाचा म्हणाले.

गाडी हळूहळू वर चढायला लागली. भंगारवाल्याची पोरं ओरडत होती, "चाचा, पीछे देखो, पीछे!" चाचांनी मान वळवली नाही. समोरच्या काचेतून ते आमच्याकडंच बघत होते.