सरदाराचा हिरवा कोट

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. काही लिहायचं म्हटलं की आपलं चुकेल, लोक हसतील असं वाटत राहतं. हे लिहितानाही वाटतंय. पण यात राग आहे, आणि तो मला इतक्यात निवू द्यायचा नाही.

पप्पा चिंचोळी एमआयडीसीत गणवेशांच्या एका कारखान्यात कटिंग मास्टर होते. मालक आमच्याच चर्चचे. सगळे त्यांना शेठ म्हणतात. शाळा उघडायच्या आधी कामाची घाई असते. तेव्हा शेठनी कटिंग मशीनच्या पात्यापुढची जाळी काढायला लावली, कापडाचे थर झटपट सरकावेत म्हणून. त्यात पप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून शेठ फादरना म्हणाले, "काय करणार फादर, पिऊन उभा होता मशीनवर." मी तिथंच होते. आमच्या पप्पांनी कधी दारूला तोंड लावलेलं नाही. नाताळला शेजारचे वाइन देतात, तो ग्लासही ते हसून आईकडे सरकवतात.

पण शेठचा शब्द फिरला. पप्पा मराठी मिस्साला पहिलं वाचन करायचे, म्हणजे बायबलमधला उतारा सगळ्यांपुढं वाचायचे. माणूस चौथी शिकलेला. शनिवारभर मशीनशेजारी बायबल ठेवून तो उतारा घोकायचा. ते वाचन बंद झालं. कुणी नको म्हणालं नाही, नुसतं दुसऱ्याला बोलावू लागले. पप्पा मागच्या बाकावर बसायला लागले.

यंदा शेठना पोपसाहेबांकडून नाईटचा किताब जाहीर झाला. आमच्या लोकांनी त्याला लगेच सरदारकी म्हणून टाकलं. मी मोबाईलवर वाचून काढलं. चर्चची मोठी सेवा आणि चांगलं चारित्र्य बघून हा मान देतात म्हणे. चारित्र्य हा शब्द मी बराच वेळ बघत बसले. या सरदारांचा स्वतःचा पोशाखही असतो: मागे शेपट्या असलेला गर्द हिरवा कोट, त्यावर चंदेरी पानांचं भरतकाम. साधा सूट घातला तरी चालतं, पण शेठना कोटच हवा होता.

सोलापुरात गणवेश ढिगानं शिवले जातात, पण शेपटीचा कोट कापणारा सापडेना. पप्पा तरुणपणी बँडवाल्यांचे कोट शिवायचे, हे शेठना ठाऊक होतं. ते आमच्या घरी आले.

"मास्तर, जुनं ते सोनं. तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं?"

"बसा की शेठ. माप घेतो," पप्पा म्हणाले.

ते गेल्यावर मी पप्पांवर तुटून पडले. "तुम्ही त्यांचं शिवणार?"

"कापडानं माजं काय घोडं मारलंय?"

पप्पा आता घरीच शिवतात, डाव्या हातानं कात्री चालवतात. कोट कापताना ते कुणाशी बोलायचे नाहीत. चंदेरी पानं आईनं भरली. ट्रायलला शेठ आरशापुढं वळून वळून बघत होते. "पोट दिसता कामा नये, मास्तर."

"पोट झाकतो शेठ. बाकीचं तुमचं तुमी बगा."

मला हसू आलं. शेठना कळलं की नाही, कोण जाणे.

समारंभाच्या सकाळी पप्पा बाहेर गेले असताना शेठचा ड्रायव्हर कोट न्यायला आला. मी दारातच उभी राहिले. हे आधी ठरवलेलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. मी म्हणाले, "शेठना यायला सांगा. मास्तर प्यालेला नव्हता, एवढं इथं येऊन म्हणायचं. मग कोट."

"ताई, माजी नोकरी घालवता काय?" तो बाजूला जाऊन फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला, "राहू दे म्हणाले. सूट हाय."

पप्पांना सांगितलं तेव्हा ते जसे चिडले, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "शिंपी हाय मी. कार्याच्या दिवशी शिवलेलं कापड अडवत न्हाईत. एवढं पण ठाऊक न्हाय तुला?" त्यांनी कोट घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला घेऊन चर्चला निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा बिशप शेठच्या काळ्या सुटावर पदक लावत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

नंतर हॉलमध्ये चहा होता. पप्पा पिशवी घेऊन भिंतीशी थांबले, गर्दी सरली की हळूच कोट द्यावा म्हणून. तेवढ्यात चर्चमधल्या एका म्हाताऱ्या मावशींनी शेठना गाठलं.

"काय ओ शेठ, महिनाभर हिरव्या कोटाचं सांगत होता की. कुटं गेला?"

शेठ हसले. "कुठला कोट मावशी! दारुड्याला काम दिल्यावर वेळेत होतंय व्हय?"

लोक हसले. मी पप्पांच्या हातातून पिशवी ओढली, टेबलावरची समोशांची ताटं बाजूला सारली आणि कोट पसरला.

"तयार आहे," मी म्हणाले. आवाज अगदी बारीक निघाला. "सकाळीही तयार होता. मीच दिला नाही. पप्पा प्यालेले नव्हते एवढंच शेठनी म्हणावं, असं सांगितलं होतं."

मावशींनी पदराला बोट पुसून ती चंदेरी पानं चाचपली. "हे पिणाऱ्या माणसाचं काम हाय व्हय?"

पप्पा पुढं आले. मला वाटलं, हाताला धरून घरी नेतील. त्यांनी कोट उचलला, झटकला आणि शेठच्या मागं धरला. "हात घाला, शेठ."

बिशप बघत होते. शेठना सुटाचं जाकीट उतरवून हात घालावे लागले. मग पप्पा समोर आले आणि खालून वर एकेक बटण लावत गेले, त्याच उजव्या हातानं. उरलेल्या बोटांना वेळ लागतो. तेवढा वेळ तो हात शेठच्या डोळ्यांपुढं होता. गळ्याच्या हुकाशी पप्पा थांबले.

"त्या दिवशी मी प्यालो होतो का, शेठ?"

"मास्तर, हितं कशाला आता..."

"हूक लावायचाय. सांगा."

"नव्हता." आवाज अगदी खाली.

पप्पांनी हूक अडकवला, मागं सरून बघितलं. "कॉलर बरोबर बसली," म्हणाले, आणि मला, "चल."

त्यांचं तेवढ्यात भागलं. माझं भागलं नाही. पायऱ्यांवरचं खोटं सगळ्यांना ऐकू गेलं होतं. इथं फक्त जवळच्यांना. कोपऱ्यात भाषणांसाठी ठेवलेला माईक अजून चालू होता. मी तो आणला आणि शेठच्या तोंडापुढं धरला.

"मागं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा."

त्यांनी फादरकडे बघितलं. फादर खाली बघत होते.

"मास्तर... प्यालेला नव्हता."

माईक कर्कश वाजला, पण शब्द दारापर्यंत गेले. बाहेर चप्पल घालणाऱ्या बायका थांबलेल्या मला दिसल्या.

घरी येताना पप्पा म्हणाले, "माईकची काय गरज न्हवती. माणूस मान खाली घालून उभा होता की."

"म्हणूनच आणला," मी म्हणाले.

मी माफी मागितली नाही.